"परमेश्वर मला तसेच करो, त्याहूनही अधिक करो": तसेच म्हणजे नक्की काय करो? (बायबलातल्या शपथा आणि शाप)

पोफळीखालचो (मालवण)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा. आमच्या शेजारच्या मावशी कॅथलिक, डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून संध्याकाळी मी त्यांना मराठी बायबल वाचून दाखवतो. मी स्वतः ख्रिस्ती नाही पण गोष्टी जबरदस्त आहेत, आणि वाचून झालं की चहा मिळतो, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

तर रूथचं पुस्तक संपवून आता शमुवेल चालू आहे आणि दर दोन पानांनी कोणीतरी शपथ घेतंय. ती पण कशी, तर "परमेश्वर मला तसेच करो आणि त्याहूनही अधिक करो". अहो पण तसेच म्हणजे कसे? मागेपुढे वाचून बघितलं, कुठे काही लिहिलेलंच नाही. रूथ सासूला सांगते की मरणाखेरीज दुसऱ्या कशाने मी तुम्हाला अंतरले तर परमेश्वर मला तसेच करो. काय करो?? मला वाटलं छापताना एखादी ओळ गळली असेल, म्हणून फोनवर दुसरं भाषांतर काढलं तर तिथेही तेच.

दुसरं म्हणजे तो शौल राजा. लढाई चालू असताना सैन्याला सांगतो की संध्याकाळपर्यंत जो अन्न खाईल तो शापित. त्याचा मुलगा योनाथान तिथे नव्हताच, त्याने हे ऐकलंच नाही, रानात मध दिसला तसं काठीचं टोक बुडवून चाटला बिचाऱ्याने, आणि बाप म्हणतो तुला मेलंच पाहिजे. आम्ही दोघंही वाचता वाचता थांबलो. हा काय न्याय झाला?

आणि मावशींचा प्रश्न असा की येशूने तर शपथ वाहूच नका असं स्वच्छ सांगितलंय, मग हे सगळे मोठे मोठे लोक उठता बसता शपथा काय घेतायत. फादरना विचारायला त्यांना संकोच वाटतो. कोणाला माहीत असेल तर जरा नीट सांगा, "श्रद्धेचा विषय आहे" एवढं एका ओळीत लिहून जाऊ नका प्लीज.

मास्तर_सावंतवाडी

ओळ गळलेली नाही बाबा, मुळातच एवढं आहे. हे वाक्य रूथ, शमुवेल आणि राजे या पुस्तकांतच येतं, सगळी मिळून बारा वेळा, आणि बाराही वेळा शिक्षा गाळलेली आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव म्हणजे बाकी सगळं सुटत जाईल. त्या काळात शपथ म्हणजे स्वतःवर घातलेला शाप. "मी खोटं बोललो तर माझं अमुक वाईट होवो", ही अख्खी शपथ. आपण आज शपथ एका बाजूला ठेवतो आणि शाप दुसऱ्या बाजूला, त्यांच्याकडे दोन्ही एकच, फक्त शाप अटीवर घातलेला. अट मोडली की लागू. ते "अमुक" काय ते तोंडाने बोलायचं नाही, कारण बोललेला शब्द वाया जात नाही अशी त्यांची समजूत, उगाच स्वतःच्या तोंडाने स्वतःचं मरण कशाला उच्चारा. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की "तसेच" म्हणताना माणूस हाताने काहीतरी खूण करत असावा, गळ्यावरून बोट फिरवण्यासारखी. ते अनुमान आहे पण मला पटतं, कारण "तसेच" हा शब्द काहीतरी दाखवल्याशिवाय येतच नाही.

आणि दाखवायला त्यांच्याकडे भयंकर गोष्टी होत्या. उत्पत्तीचा १५ वा अध्याय काढ. अब्राम तीन वर्षांची कालवड, बकरी आणि मेंढा घेतो, मधोमध चिरतो, अर्धे तुकडे समोरासमोर मांडतो, होला आणि पारव्याचं पिल्लू मात्र चिरत नाही. अंधार पडल्यावर धुराची शेगडी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. हा काय प्रकार, ते पुढे यिर्मयाच्या ३४ व्या अध्यायात उलगडतं. यरुशलेमेला बाबेलचा वेढा पडलेला, तेव्हा श्रीमंतांनी इब्री गुलामांना सोडायचा करार केला, वासरू चिरून त्याच्या दोन भागांमधून चालत गेले, आणि वेढा जरा ढिला पडल्याबरोबर त्याच गुलामांना पुन्हा धरून आणलं. यिर्मया देवाच्या वतीने सांगतो की ज्या वासराचे दोन तुकडे करून तुम्ही मधून गेलात, त्या वासरासारखंच तुमचं करीन. म्हणजे मधून चालत जाणं हीच शपथ होती, "मी मोडली तर माझं असं होवो". आणि अब्रामाच्या गोष्टीत तो स्वतः गाढ झोपेत आहे, तुकड्यांमधून फक्त ती मशाल जाते, म्हणजे देवच स्वतःला बांधून घेतो. यावर प्रवचनं देता येतील, मी देत नाही.

ही रीत फक्त इस्राएलची नव्हती. अश्शूरच्या पाचव्या अश्शूर-निरारीचा अर्पादच्या मतीएल राजाशी झालेला करार सापडलाय, इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला. त्यात कोकरू कापतात आणि वर लिहिलंय की हे डोकं कोकराचं नाही, मतीएलचं आहे, त्याने करार मोडला तर त्याचं डोकं असंच तुटो. तिथे "तसेच" समोर पडलेलं होतं, विचारायची गरजच नाही.

आता आणखी एक अडचण पुढे येईल म्हणून आत्ताच सांगतो. स्तोत्र ९५ च्या शेवटी देव शपथ घेतो की हे लोक माझ्या विसाव्यात येणार नाहीत. मूळ हिब्रूत तिथे वाक्य अर्धवट आहे, "ते जर माझ्या विसाव्यात आले..." बस, पुढे काही नाही. पुढचा शाप गिळलेला, म्हणून अर्थ "मुळीच येणार नाहीत". आपल्याकडे भांडणात "परत या दारात पाय ठेवलास तर..." म्हणून थांबतात आणि समोरच्याला बरोबर कळतं, त्यातलंच.

पोफळीखालचो (मालवण)

मास्तर, दंडवत. मावशींना आजच वाचून दाखवतो. पण मग योनाथानाचं काय झालं ते सांगा, पुढचा भाग अजून वाचायचाय पण धीर धरवत नाही.

मास्तर_सावंतवाडी

वाचला तो. लोक मध्ये पडले, म्हणाले ज्याने आज लढाई जिंकून दिली त्याचा केससुद्धा जमिनीवर पडू देणार नाही. राजाने दोन दोन वेळा शपथ घेतलेली, एकदा "परमेश्वराच्या जीविताची शपथ" आणि एकदा हे "तसेच करो" वालं, आणि दोन्ही मोडल्या. लिहिणाऱ्याने शौलाची बाजू घेतलेली नाही हे लक्षात घे, योनाथान स्वतः म्हणतो की माझ्या बापाने देशाला हैराण केलं, लोकांना खायला मिळालं असतं तर आणखी मोठा विजय झाला असता. बायबलात शपथ घेणारे पुष्कळदा मूर्ख दाखवलेत. ईजबेलसुद्धा हीच शपथ घेते की उद्या या वेळेपर्यंत एलीया संदेष्ट्याला मारीन. एलीया पळतो खरा पण मरत नाही, आणि बाईच्या शपथेचा पुढे कोणी हिशोब मागत नाही.

दावीदाची गंमत वेगळीच. नाबालाने अपमान केला म्हणून तो अशीच शपथ घेतो की उजाडेपर्यंत त्याच्या घरातला एकही पुरुष जिवंत ठेवणार नाही. मग नाबालाची बायको अबीगईल भाकरी, द्राक्षारस, मेंढरं, अंजिराच्या ढेपा गाढवांवर लादून समोर येते, समजूत घालते, आणि दावीद परत फिरतो. शपथ मोडली. आता हिब्रू प्रतीत ती शपथ कशी आहे बघ, "देव दावीदाच्या शत्रूंना तसेच करो". शत्रूंना? शपथ घेणारा स्वतःचं सोडून शत्रूंचं नाव घेईल कशाला? जुन्या ग्रीक भाषांतरात सरळ "दावीदाला" असं आहे. बऱ्याच अभ्यासकांचं मत असं की कोणा नकलनविसाला धसका बसला असणार, राजाने शपथ मोडली म्हणजे शाप राजाच्या घरावर येणार, म्हणून त्याने हळूच "शत्रूंच्या" हा शब्द मध्ये घातला.

गजालवाडी

ह्या सगळा वाचून माका आमच्या देवळातला गाऱ्हाणाच आठावला बघा. आता बाकीच्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो.

अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात सहा वंश गरिज्जीम डोंगरावर आशीर्वादासाठी आणि सहा एबाल डोंगरावर शापासाठी उभे, मध्ये लेवी (देवसेवा करणारे) मोठ्याने एकेक शाप म्हणतात आणि सगळे लोक म्हणतात आमेन. बारा शाप आणि बारा वेळा आमेन. आमच्याकडे घाडी किंवा गावचा मानकरी देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो, एकेक मागणी होते आणि जमलेली मंडळी एका सुरात "व्हय म्हाराजा". डिट्टो.

आणि त्या बारातला एक शाप वाचून तर मी उडालोच, शेजाऱ्याच्या जमिनीची मेर सरकवणारा शापित असो! कोकणात मेरेवरून किती पिढ्या बोलत नाहीत एकमेकांशी ते कोणी वेगळं सांगायला नको. आमच्या वाडीत एकदा असंच झालं होतं, पावसानंतर गडगा हातभर अलीकडे आलेला, मोजणी कोण करणार, कागद कोणाकडे आहेत कोणाकडे नाहीत, शेवटी गाऱ्हाणं घातलं की ज्याने सरकवला त्याचं देव बघून घेवो. तेव्हा मी लहान होतो पण एक गोष्ट बघितलेली आठवते, ज्याच्यावर सगळ्यांचा संशय होता तो माणूसही तिथेच उभा होता आणि त्यालाही सगळ्यांबरोबर व्हय म्हाराजा म्हणावंच लागलं. नाही म्हटलं तर तिथेच पकडला जाणार, म्हटलं तर स्वतःवरच घेतलं. एबाल डोंगरावरही तेच नाही का, ज्याने मेर सरकवली तोपण आमेन म्हणणार.

मास्तर_सावंतवाडी

वा! मनातलं बोललात. ते बारा शाप पुन्हा एकदा वाचून बघा, बहुतेक सगळे लपून करायच्या गुन्ह्यांवर आहेत. गुपचूप मूर्ती उभी करणं, रातोरात मेर सरकवणं, आंधळ्याला वाट चुकवणं, घरातल्या घरातले अत्याचार, शेजाऱ्याला गुप्तपणे मारणं, लाच घेणं. दोन ठिकाणी तर "गुप्तपणे" हा शब्दच आहे. जिथे साक्षीदार मिळणार नाही आणि पंचांचा हात पोचणार नाही, तिथे शाप ठेवलेला आहे.

तर्कट

सगळं छान आहे पण शेवटी भीती दाखवूनच लोकांना कह्यात ठेवायचं ना? कालचं असो की आजचं. एलीशाला पोरांनी टकल्या म्हणून चिडवलं तर त्याने परमेश्वराच्या नावाने शाप दिला आणि दोन अस्वलींनी बेचाळीस पोरं फाडली. ह्याला तुम्ही न्याय म्हणणार? आणि गणनाच्या ५ व्या अध्यायात नवऱ्याला नुसता संशय आला म्हणून बायकोला कडू पाणी पाजतात, शाप लिहून तो त्या पाण्यात धुवायचा आणि बाईने आमेन आमेन म्हणत ते प्यायचं. नवऱ्याला कोण पाजणार पाणी? उगाच गोड गोड अर्थ काढू नका.

मास्तर_सावंतवाडी

अस्वलांच्या गोष्टीला माझ्याकडे उत्तर नाही आणि ज्यांच्याकडे आहे त्यांची उत्तरं मला पटलेली नाहीत. कडू पाण्याचा नियम एकतर्फी आहे हेही खरं, संशय नवऱ्याचा आणि परीक्षा बायकोची, त्यावर पांघरूण कशाला घालू. त्या पाण्यात मंडपाच्या जमिनीवरची धूळ आणि धुतलेली शाई एवढंच असतं, त्यामुळे काही जण म्हणतात की बाईला संतापलेल्या नवऱ्याच्या आणि जमावाच्या हातून काढून देवाच्या निकालावर सोपवायची ती वाट होती. असेल. पण पाजतात बाईलाच.

मात्र "भीती दाखवून कह्यात ठेवणं" एवढ्यावर भागत नाही, कारण शाप बहुतेक वेळा दुबळ्याच्या हातात दिसतो. शास्ते १७ वाच. मीखा नावाच्या माणसाच्या आईचे अकराशे रुपये म्हणजे चांदीची नाणी म्हणा, चोरीला जातात. बाई काय करणार, ती मोठ्याने, मुलाच्या कानावर पडेल असा शाप घालते. मुलगा येऊन सांगतो, आई ते पैसे माझ्याकडे आहेत, मीच घेतले. आणि ही माउली त्या क्षणाला म्हणते "परमेश्वर माझ्या मुलाचं भलं करो". चोर सापडला म्हणून आनंद नाही, ओरडा नाही, पहिला शब्द आशीर्वादाचा, कारण स्वतःच्याच तोंडून सुटलेला शाप स्वतःच्याच पोरावर जाऊन बसलाय आणि तो परत घेता येत नाही, तर त्याच्यावर आशीर्वाद तरी टाकायचा. घरातला चोर असला की काय होतं ते एवढ्याशा ओळीत आलंय.

लेवीय ५:१ मध्ये तर याचा कायदाच आहे. असा जाहीर शाप ऐकूनही ज्याला माहिती आहे तो पुढे येऊन सांगणार नाही, तर तो दोषी. म्हणजे आधी शाप हाच साक्षीला बोलावण्याचा मार्ग होता. आणि निर्गम २२ मध्ये, शेजाऱ्याकडे राखायला दिलेलं जनावर मेलं किंवा कोणी हाकून नेलं आणि बघणारं कोणी नसेल, तर राखणाऱ्याने परमेश्वरासमोर शपथ घ्यायची आणि मालकाने ती मान्य करायची, भरपाई नाही. पुरावा नाही तिथे शपथ, एवढा साधा व्यवहार.

आणि तर्कटराव, नीतिसूत्रे २६:२ तुमच्यासाठी आहे. विनाकारण दिलेला शाप भिरभिरणाऱ्या चिमणीसारखा, तो कुठे येऊन बसत नाही. बलाम नावाच्या शाप-आशीर्वाद देणाऱ्याला पैसे देऊन शाप द्यायला आणला तर त्याच्या तोंडून आशीर्वादच निघाले ती गोष्टही तीच सांगते. शाप काय जादूटोणा नव्हे, कारण नसेल तर देव तो उचलत नाही असं लिहिणाऱ्यांचं म्हणणं.

तर्कट

चिमणीवालं वचन आवडलं. बाकीचं बघतो वाचून.

रेवदंडा_ते_अलिबाग

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू, आमची मूळ गावं इकडची, लोक आम्हाला शनवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवणारे) म्हणायचे. वर सगळं शपथ आणि शापावर चाललंय, त्यात नवस वेगळा काढा नाहीतर गोंधळ होईल. शपथ माणसाला बांधते की हे करीन किंवा केलं नाही. नवस देवाला बोललेला असतो, तू हे दे, मी ते देईन. आपल्याकडे काय नि तिकडे काय. सगळ्यात वाईट नवस इफ्ताहचा, शास्ते ११. लढाई जिंकलो तर परतल्यावर माझ्या घराच्या दारातून जे पहिलं बाहेर येईल ते अर्पण करीन म्हणाला, आणि खंजिरी वाजवत नाचत बाहेर आली त्याची एकुलती एक मुलगी. आमच्या रब्बींनी (धर्मपंडितांनी) त्याला जुन्या काळापासून झोडपलंय, की नवस सोडवून घेता आला असता, पण हा सेनापती म्हणून याजकाकडे जायला तयार नाही आणि याजक म्हणतो मी का जाऊ, दोघांच्या मानापानात पोरगी गेली.

कारण सोडवणूक होती. गणना ३० मध्ये मुलीचा नवस बाप किंवा बायकोचा नवरा, ऐकला त्याच दिवशी रद्द करू शकतो (हो तर्कट, पुन्हा पुरुषच, माहितीये). लेवीय ५ मध्ये अविचाराने शपथ घेतली तर अर्पण देऊन मोकळं व्हायची सोय आहे. पुढे रब्बींनी त्यावर अख्खे ग्रंथ रचले, मिश्नात (रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात) नवसांवर एक भाग आणि शपथांवर वेगळा भाग. किप्पूरचा (प्रायश्चित्ताच्या दिवसाचा) उपास सुरू होतो त्या संध्याकाळी सिनेगॉगमध्ये कोल निद्रे म्हणतात, तीन वेळा, अरामी भाषेत, की आमचे नवस, शपथा, बंधनं रद्द असोत. पण कोणाचे उसने घेतलेत, कोणाला शब्द दिलाय, ते यातून सुटत नाही. ते फक्त देवाशी केलेल्या बोलण्यापुरतं. युरोपात या प्रार्थनेवरून ज्यूंवर आरोप झाले की यांच्या शपथेवर कोर्टात विश्वास ठेवू नका, तो शुद्ध गैरसमज.

आणि नवस फेडायचा तर आमच्याकडे एलियाहू हन्नाबीच्या (म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या) नावाने मलिदा करतात, पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. मुंबईत मशीद बंदरला सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ चं सिनेगॉग आहे, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं. टिपूच्या कैदेतून सुटलो तर देवाचं घर बांधीन असा त्यांनी नवस केला होता असं सांगतात. हा फिटलेला नवस, म्हणून सांगितला, नाहीतर सगळे इफ्ताहच लक्षात ठेवतात.

वसईची_पोर

मावशींचा प्रश्न राहूनच गेला की हो! मत्तय ५ मध्ये येशू म्हणतो मुळीच शपथ वाहू नका, स्वर्गाची नको कारण ते देवाचं आसन, पृथ्वीची नको कारण ते त्याचं पादासन, यरुशलेमेची नको, स्वतःच्या डोक्याचीही नको कारण एक केसही काळा पांढरा करणं तुमच्या हातात नाही. तुमचं हो ते हो आणि नाही ते नाही असू द्या. ही यादी उगाच नाहीये. देवाचं नाव घेऊन खोटी शपथ घेतली तर आज्ञाच मोडते, म्हणून लोक देवाचं नाव टाळून शेजारपाजारच्या गोष्टींची शपथ घ्यायचे, म्हणजे मोडली तरी फार लागू नये. मत्तय २३ मध्ये तो याच पळवाटेवर चिडलाय, मंदिराची शपथ घेतली तर काही नाही पण मंदिरातल्या सोन्याची घेतली तर बांधला गेला असं सांगणाऱ्यांना त्याने सरळ आंधळे म्हटलंय. त्याचं म्हणणं सगळंच देवाचं आहे, तेव्हा कशाचीही घ्या, शेवटी देवाचीच होते.

आणि मग त्याच पुस्तकात येशूचा शिष्य पेत्र. अंगणात बसलेला असताना एक दासी त्याला म्हणते तू त्याच्याबरोबर होतास, हा नुसता नाही म्हणतो. दुसऱ्यांदा शपथ घेऊन नाही. तिसऱ्यांदा शाप उच्चारून आणि शपथा वाहून नाही. चढत जातंय बघा कसं. शाप कोणावर ते लिहिलेलं नाही, बहुतेक स्वतःवरच, मास्तर म्हणाले तसा. तिकडे आत त्याच रात्री प्रमुख याजक येशूला जिवंत देवाची शपथ घालून विचारतो तू ख्रिस्त आहेस का, आणि तो म्हणतो, "तू म्हटलंस". एक शपथेवर खोटं बोलतोय आणि दुसरा शपथ न घेता खरं.

येशूचा प्रेषित पौल मात्र पत्रांमध्ये देवाला साक्षी ठेवतो, गलतीकरांना लिहितो की देवासमोर सांगतो मी खोटं लिहीत नाही. म्हणून बहुतेक चर्चेस म्हणतात की कोर्टातली किंवा पदाची गंभीर शपथ चालते, उठसूट घेतलेली नाही. क्वेकर आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथांचे लोक अजिबातच घेत नाहीत. आपल्याकडे १९६९ च्या शपथ कायद्यातही दोन्ही सोयी आहेत, ईश्वराच्या नावाने शपथ घ्या किंवा नुसतं गांभीर्यपूर्वक कथन करा. पुस्तकावर हात ठेवायचं त्यात कुठेही नाही, ते सिनेमावाल्यांनी आपल्या डोक्यात भरवलंय.

पोफळीखालचो (मालवण)

किती मिळालं एका प्रश्नात! मावशींना सगळं वाचून दाखवलं, गाऱ्हाण्याचं ऐकून त्या हसत होत्या, म्हणाल्या आमचे पूर्वज पण ह्येच म्हणत असतील बाटण्याआधी. पण आता नवीन अडचण, त्यांना मध्येच स्तोत्रं ऐकायची हुक्की येते आणि काल १०९ वं स्तोत्र निघालं. त्याची मुलं अनाथ होवोत, बायको विधवा होवो, सावकार त्याचं सगळं लुटो, कोणी दया करू नये... मी वाचता वाचता आवाज बारीक केला. मावशी म्हणाल्या ह्या आमच्या प्रार्थनेत कधी ऐकलं नाही.

वसईची_पोर

ऐकलं नसणारच. धर्मगुरू आणि सिस्टर्स रोज म्हणतात त्या प्रार्थनापुस्तकातून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं १९७१ मध्ये पूर्ण वगळली आणि बाकी काहींमधल्या शापाच्या ओळी काढल्या, १३७ मधली बाबेलची तान्ही पोरं खडकावर आपटण्याची ओळ त्यातलीच. मला विचाराल तर काढायला नको होत्या. ज्याचं घर जळालंय तो देवासमोर जाऊन गोड बोलेल का? निदान तलवार न उचलता सगळं देवाच्या अंगावर ओतून मोकळा तरी होतो.

मास्तर_सावंतवाडी

१०९ बद्दल एक वाद आहे तो मावशींना सांग. सहाव्या ओळीपासून एकोणिसाव्यापर्यंत सगळा शाप एका माणसावर आहे, त्याच्या आधी आणि नंतर मात्र शत्रू अनेक आहेत. म्हणून काही जण म्हणतात की मधला भाग म्हणजे शत्रूंनी कवीला दिलेले शाप, तो ते देवाला ऐकवतोय, बघ हे लोक माझ्याबद्दल काय बोलतात ते. दुसरे म्हणतात नाही, ते कवीचेच आहेत. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र त्यातलीच एक ओळ येशूला धरून देणाऱ्या यहूदाला लावतो, ती जागा दुसऱ्याला मिळो ही. तू वाचताना दोन्ही प्रकारे वाचून बघ, पहिल्या प्रकारे वाचलं तर "ते शाप देवोत, तू आशीर्वाद दे" ही अठ्ठाविसावी ओळ एकदम जाऊन बसते.

आणि हो, नहेम्या आला की थांबून वाच, ५ वा अध्याय. सावकारांनी गरिबांची शेतं गहाण ठेवून घेतलेली, नहेम्या त्यांच्याकडून परत करायची शपथ घेतो आणि मग उभा राहून आपला पदर झटकतो, जो हा शब्द पाळणार नाही त्याला देव त्याच्या घरातून असाच झटकून टाको. इथे मिळाली बघ तुला तुझी "तसेच"ची खूण, हाताने करून दाखवलेली. आणि सगळे म्हणतात आमेन.

गजालवाडी

व्हय म्हाराजा 😄

पोफळीखालचो (मालवण)

शेवटचं एक, मावशींनी आजच विचारलंय आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे वाचू देत नाहीत. प्रेषितांच्या कृत्यांत चाळीसहून जास्त माणसं शपथ घेतात की पौलाला मारेपर्यंत अन्नपाणी घेणार नाही. पौलाच्या भाच्याला कळतं, तो किल्ल्यात जाऊन सांगतो, आणि सरदार रातोरात दोनशे शिपाई, सत्तर घोडेस्वार आणि दोनशे भालेकरी देऊन पौलाला कैसरियाच्या वाटेला लावतो. मग ते चाळीस जण उपाशी मेले का काय?

रेवदंडा_ते_अलिबाग

😂 मावशींना सांगा काळजी करू नका. पुस्तकात त्यांचं पुढे काहीच नाही. पण वर लिहिलं ती सोडवणूक इथे लागू पडते, जी गोष्ट करणं हाताबाहेर गेलं तो नवस रब्बी सोडवतात, मिश्नात अशा नवसांचा वेगळा वर्गच आहे. मिश्ना लिहून झाली साधारण इसवी सन २०० च्या सुमारास, पण त्यातली बरीच परंपरा आधीची. तेव्हा पौल कैसरियाला पोचला म्हटल्यावर एकदोन दिवसांत कोणीतरी शहाणा म्हातारा गाठून ते जेवायला बसले असणार.